सहा ठिपके आणि अनेक भाषा

अक्षर हे डोळ्यांनी वाचावयाचे असते, ही समजूत इतकी जुनी आहे की तिला कोणी समजूत म्हणतच नाही. परंतु जगात असे लाखो वाचक आहेत की ज्यांनी अक्षर कधी पाहिलेले नाही. त्यांनी ते बोटाच्या अग्राने ओळखले आहे. जाड कागदावर उठविलेले सहा ठिपके, दोन उभ्या ओळींत तीन-तीन, एवढीच त्यांची सामग्री. या सहांपैकी काही उठवायचे, काही सोडायचे, असे केले म्हणजे त्रेसष्ट आकृती तयार होतात. आणि काहीच उठविले नाही तर चौसष्टावी, म्हणजे मोकळी जागा, मिळते. त्याहून एकही अधिक नाही. या त्रेसष्ट आकृतींत इंग्रजी बसवायची, मराठी बसवायची, तमिळ, उर्दू, चिनी, जपानी, सर्व काही बसवायचे. कोणती आकृती कोणत्या अक्षरास द्यावयाची हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर कोणत्या मुलाला कोणते पुस्तक वाचता येईल हे अवलंबून असते. हा प्रश्न प्रथम शाळांपुढे आला, नंतर राज्यकर्त्यांपुढे आला आणि शेवटी संगणकापुढे येऊन उभा राहिला. त्याचा हा इतिहास आहे.

लुई ब्रेल याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कूव्रे या गावी झाला. बाप घोड्यांचे साज बनविणारा. तीन वर्षांचा लुई बापाच्या दुकानात खेळत असता चामडे भोसकण्याच्या आरीने त्याच्या डोळ्यास इजा झाली, आणि पुढे दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथे त्या काळी नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर फुगवून वाचावयास देत. ती वाचणे कष्टाचे आणि लिहिणे जवळजवळ अशक्य. १८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाच्या फ्रेंच सैनिकी अधिकाऱ्याने ठिपक्यांनी लिहिण्याची आपली पद्धत या शाळेपुढे ठेवली. तिच्यात एकेका ध्वनीसाठी बारापर्यंत ठिपके लागत, आणि एवढा विस्तार बोटाखाली एका वेळी मावत नसे. लुईने बाराचे सहा केले. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी सिद्ध झाली. १८२९ साली ती छापून निघाली. ज्या जातीच्या हत्याराने दृष्टी घेतली, तशाच टोकदार हत्याराने तो आता कागदावर अक्षरे टोचू लागला.

या लिपीचे खरे वैशिष्ट्य मात्र ठिपक्यांच्या संख्येत नाही. ब्रेलने अक्षराचे चित्र काढण्याचा नाद सोडला. डोळसांच्या 'ए'शी त्याच्या पहिल्या ठिपक्याचे काहीही साम्य नाही. म्हणजे आकृती ही केवळ खूण आहे, आणि तिचा अर्थ कराराने ठरतो, हे त्याने मान्य केले. करार आला की करारभंग आणि प्रतिकरार हेही आलेच. अमेरिकेत तसेच घडले. तेथे न्यूयॉर्कची एक ठिपकेलिपी निराळी, 'अमेरिकन ब्रेल' निराळी, ब्रिटनमधून येणारी पुस्तके निराळी. एकाच इंग्रजी भाषेसाठी अंध वाचकाला दोन-तीन लिप्या शिकाव्या लागत. १८७८ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मूळ ब्रेललाच मान्यता दिली होती. तरी ब्रिटन आणि अमेरिका यांचा इंग्रजीपुरता समझोता होण्यास १९३२ साल उजाडावे लागले.

भारताची अडचण याहून बिकट होती. अमृतसर येथे १८८७ साली ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी देशातील पहिली अंधशाळा काढली. पुढे कलकत्ता, मुंबई, म्हैसूर, पालमकोट्टा अशा ठिकाणी शाळा निघाल्या. प्रत्येक शाळेला मुलांना मातृभाषेत शिकवायचे होते, आणि भारतीय भाषांसाठी तयार अशी ब्रेल कोठेच नव्हती. तेव्हा ज्याने त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे ती तयार केली. कलकत्त्यास लालबिहारी शहा यांची, गुजरातीसाठी नीलकंठराय छत्रपती यांची, म्हैसूरची स्वतंत्र, तमिळची स्वतंत्र, मिशनऱ्यांनी आखलेली 'ओरिएंटल ब्रेल' आणखी निराळी. या सर्व माणसांचा हेतू निर्मळ होता आणि श्रम मोठे होते. पण परिणाम असा झाला की एका प्रांतात शिकलेला मुलगा दुसऱ्या प्रांतात गेला तर त्याचे बोट निरक्षर ठरावे. पुस्तके मुळातच थोडी, हाताने टोचून काढलेली. ती एका शाळेच्या भिंतीबाहेर निरुपयोगी. छापखाना काढावा तर कोणत्या लिपीत छापायचे हेच ठरलेले नाही. डोळस माणसाला लिपीभेदाने गैरसोय होते. अंध माणसाला त्याने पुस्तकच नाहीसे होते.

१९४० नंतरच्या दशकात केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि सर्व भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल असावी असा प्रयत्न झाला. पण या पहिल्या प्रयत्नावर एकमत झाले नाही. मतभेद दोन तत्त्वांचा होता, आणि दोन्ही बाजूंत तथ्य होते. एका बाजूचे म्हणणे असे की भारतीय वर्णमाला शास्त्रशुद्ध आहे. कवर्ग, चवर्ग, टवर्ग असे तिचे सुंदर वर्गीकरण आहे. तेव्हा ब्रेलच्या आकृतीही त्याच शिस्तीने नव्याने वाटाव्या. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की भारतातील अंध विद्यार्थ्याला पुढे इंग्रजी शिकायचेच आहे, आणि जगातील बहुतेक ब्रेल पुस्तके रोमन वर्णमालेवर आधारलेली आहेत. मग 'क' साठी जगाची 'के' ची आकृती सोडून नवी घेतल्यास त्याच्यावर दोन लिप्यांचा भार पडेल. पहिल्या पक्षाकडे तर्कसौंदर्य होते. दुसऱ्याकडे विद्यार्थ्याचे बोट होते.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद यांच्या शिक्षण मंत्रालयाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. मंत्रालयात १९४७ साली नेमणूक झालेले लाल अडवाणी हे स्वतः दृष्टिहीन होते, आणि या कामात त्यांचा मोठा वाटा होता. एप्रिल १९४९ मध्ये भारत सरकारने युनेस्कोला पत्र लिहून जागतिक पातळीवर ब्रेलच्या एकसूत्रतेचा विचार व्हावा अशी विनंती केली. सरकारी दप्तरातील पत्रांना सहसा इतिहासात जागा मिळत नाही. या पत्राला ती द्यावी लागेल. युनेस्कोने हे काम न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेन्झी यांच्यावर सोपविले. मॅकेन्झी यांची दृष्टी १९१५ साली गॅलिपोलीच्या रणांगणावर गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडून येथे अंध झालेल्या भारतीय सैनिकांच्या केंद्राचे ते प्रमुख होते. ब्रेलही त्यांना माहीत होती आणि भारतही.

मार्च १९५० मध्ये पॅरिस येथे निरनिराळ्या भाषांचे तज्ज्ञ एकत्र आले. फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरूत येथे मध्यपूर्व आणि दक्षिण आशिया यांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. तेथे मान्य झालेले तत्त्व एका वाक्यात सांगता येते: ज्या भाषेत जो ध्वनी असेल त्याला मूळ ब्रेलमधील त्याच किंवा जवळच्या ध्वनीची आकृती द्यावी. लिपी डोळ्यांना कशी दिसते याचा विचार करू नये. अरबी आणि उर्दू कागदावर उजवीकडून डावीकडे लिहितात. पण ब्रेलमध्ये त्याही डावीकडून उजवीकडे वाचायच्या, असे यातूनच ठरले. भारताने हे तत्त्व स्वीकारले आणि १९५१ साली 'भारती ब्रेल' जन्मास आली. त्याच वर्षी डेहराडून येथे केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. लिपी ठरली तेव्हा छापखाना आला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढल्याच वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली.

भारती ब्रेलची रचना पाहिली म्हणजे तडजोड कशी असावी याचा नमुना दिसतो. डावीकडील तीन ठिपक्यांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडील तिघांना ४, ५, ६ असे क्रमांक देतात. 'क' ला इंग्रजी 'के' चे १ व ३ हे ठिपके मिळाले. 'म' ला 'एम'चे १, ३, ४. 'ल' ला 'एल'चे १, २, ३. इंग्रजी ब्रेलमध्ये 'एसएच', 'टीएच', 'सीएच', 'जीएच' अशा जोड्यांसाठी एकेक आकृती होती. त्या अनुक्रमे 'श', 'थ', 'छ' आणि 'घ' यांना दिल्या. ज्यांना जगात कोणी नातेवाईक नव्हता, उदाहरणार्थ 'ख', 'भ' किंवा मराठीचा लाडका 'ळ', त्यांना उरलेल्या जागांवर बसविले. वर्णमालेची वर्गव्यवस्था मोडली, हे खरे. पण मोबदल्यात असे मिळाले की 'कमल' हा शब्द मराठीत लिहा, बंगालीत लिहा, गुजरातीत, कन्नडात किंवा तेलुगूत लिहा. कागदावर पाच लिप्या दिसतील, बोटाखाली मात्र त्याच तीन आकृती येतील. डोळसांना जे एकलिपीचे स्वप्न साधता आले नाही, ते अंधांच्या पाटीवर निमूटपणे साकार झाले.

मराठी लेखनाच्या काही चालीही या लिपीने बदलल्या. ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी अशी निराळी चिन्हे नाहीत. व्यंजनानंतर पूर्ण स्वरच लिहितात. 'कि' मधील ऱ्हस्व वेलांटी छापील अक्षरात 'क' च्या आधी येते, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. पण मग 'मू' आणि 'मऊ' यांत फरक कसा करायचा? त्यासाठी नियम असा की 'मऊ' लिहिताना मध्ये 'अ' घालायचा: म, अ, ऊ. जोडाक्षरात हलन्ताची खूण, म्हणजे चौथा ठिपका, व्यंजनाच्या आधी येते. त्यामुळे वाचणाऱ्या बोटाला पुढचे व्यंजन पाय मोडलेले आहे हे अगोदरच कळते. 'क्ष' आणि 'ज्ञ' या दोघांना मात्र स्वतंत्र एकेक आकृती आहे. आकृतींचा तुटवडा असल्यामुळे काहींना दुहेरी नोकरी करावी लागते. ३, ४, ५, ६ हे ठिपके म्हणजे 'ण'; आणि तेच ठिपके आकड्यांच्या आधी आले म्हणजे 'पुढे संख्या आहे' अशी सूचना. मराठी शब्द सहसा 'ण' ने सुरू होत नाही, म्हणून माणसाचा यात घोटाळा होत नाही. यंत्राचा होऊ शकतो.

हे यंत्र येण्यास फार काळ लागला नाही. १९५१ सालीच अमेरिकेतील पर्किन्स अंधशाळेचे सहा कळांचे ब्रेल लेखनयंत्र तयार होऊ लागले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लुईव्हिल येथील अंधांच्या मुद्रणसंस्थेसाठी मोठ्या संगणकाकडून इंग्रजी मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करून घेण्याचे प्रयोग सुरू झाले. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त संख्या कळते. मग ब्रेलच्या आकृतीला कोणती संख्या द्यायची? प्रारंभी सोय अशी केली की चौसष्ट आकृतींना इंग्रजी टंकलेखन यंत्रावरील चौसष्ट चिन्हे नेमून द्यायची. ठिपके उठविणाऱ्या यंत्राला 'के' हे अक्षर पाठविले की ते १ आणि ३ हे ठिपके उठवी. ही पद्धत सुटसुटीत होती, आणि ठिपके उठविणाऱ्या यंत्रांत ती टिकून राहिली. पण तिच्यात एक गुप्त गृहीत होते: प्रत्येक आकृतीचे मूळ नाव इंग्रजी आहे. मराठी ब्रेलचे पुस्तक संगणकात साठविले की ते पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची अर्थहीन रांग म्हणून दिसे. आकृती आणि अर्थ यांची पुन्हा गल्लत झाली होती.

ती गल्लत १९९९ साली सुटली. जगातील सर्व लिप्यांना एकाच कोष्टकात क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या तिसऱ्या आवृत्तीत ब्रेलसाठी २५६ जागा राखून ठेवण्यात आल्या. २५६ अशासाठी की संगणकाच्या कामासाठी सहाच्या खाली आणखी दोन ठिपके जोडून आठ ठिपक्यांची ब्रेल प्रचारात आली होती. या जागांची मांडणी इतकी सरळ आहे की लुई ब्रेलला ती पाहून समाधान वाटले असते. पहिल्या ठिपक्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, अशी दुप्पट होत जाते. रिकाम्या घराचा क्रमांक १०२४०. 'क' चे ठिपके १ आणि ३, म्हणून १ अधिक ४ म्हणजे ५, क्रमांक १०२४५. 'म' चे तेरा, 'ल' चे सात. म्हणून 'कमल' म्हणजे १०२४५, १०२५३, १०२४७. आणि या कोष्टकाने एक महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून केली नाही. त्याने कोणत्याही आकृतीला कोणत्याही भाषेचे अक्षर नेमून दिले नाही. आकृतीचे नाव केवळ तिचे ठिपके. १ आणि २ हे ठिपके इंग्रजीत 'बी', मराठीत 'ब', पण जपानीत 'इ'. २ आणि ४ हे ठिपके मराठीत 'इ', तर जपानीत 'ओ'. कारण १८९० साली इशिकावा कुराजी यांनी जपानी ब्रेल सिद्ध करताना काही ठिपके स्वरांना आणि काही व्यंजनांना असा स्वतंत्र विचार केला होता. तोही करार तितकाच मान्य. आकृती सर्वांची, अर्थ ज्याच्या त्याच्या भाषेचा, हा न्याय संगणकाने अखेर स्वीकारला.

भारताच्या बाबतीत येथे एक मनोहर योग जुळून आला. भारतीय लिप्यांसाठी तयार झालेल्या आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या 'इस्की' या संकेतावलीत ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांतील समान अक्षरांना समान जागा दिली होती. युनिकोडने हीच मांडणी उचलली. देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५. त्यात १२८ मिळविले की बंगाली 'क', २४५३. आणखी १२८ मिळविले की गुरुमुखी, २५८१. आणखी १२८ की गुजराती, २७०९. म्हणजे भारतीय लिप्या वरून निराळ्या आणि आतून एक आहेत, हे जे तत्त्व अंधांच्या लिपीने १९५१ साली आचरणात आणले, ते डोळसांच्या संगणकाने चाळीस वर्षांनी स्वीकारले. अंध माणसे येथे पुढे होती.

कोष्टक तयार झाले तरी रूपांतर आपोआप होत नाही. 'स्वर' हा शब्द युनिकोडमध्ये स, हलन्त, व, र असा साठविलेला असतो. ब्रेलमध्ये हलन्त आधी हवा. 'क्ष' तीन संख्यांनी साठवितात. ब्रेलमध्ये त्याचे एक घर होते. 'मऊ' मध्ये मजकुरात नसलेला 'अ' घालावा लागतो, आणि उलट रूपांतरात तो काढून टाकावा लागतो. हे सर्व नियम एकेका भाषेसाठी लिहून काढावे लागतात. २००२ पासून विकसित होत आलेल्या आणि लुई ब्रेलच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'लिबलुई' या मुक्त प्रणालीत अशा नियमांच्या तक्त्या भाषावार ठेवलेल्या आहेत. यंत्र एकच, तक्त्या अनेक. त्यांत मराठीचीही एक आहे. अंध वापरकर्त्यांसाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या कित्येक प्रणाली आज याच तक्त्यांच्या आधाराने चालतात, आणि बोटाखाली वर-खाली होणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर मजकूर उमटवितात. चिनीसारख्या भाषेत काम आणखी अवघड असते, कारण तेथील ब्रेल उच्चारानुसार आहे आणि एका चित्राक्षराचे उच्चार कधीकधी दोन असतात. कोणता घ्यायचा हे वाक्य समजल्याशिवाय ठरत नाही.

मराठीची अडचण निराळीच होती. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या छापील वळणांच्या खाजगी संकेतांत साठविला जाई. कागदावर अक्षर सुंदर उमटे. पण त्यामागील संख्या प्रत्येक वळणात निराळी. वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठविलेली. असे पुस्तक ब्रेलमध्ये आणायचे तर पुन्हा टंकित करण्यावाचून गत्यंतर नसे. शंभर वर्षांपूर्वीच्या शाळाशाळांच्या ब्रेलची कथाच येथे दुसऱ्या वेषात परत आली. डोळस वाचकाला या विसंगतीची वार्ताही नव्हती, कारण त्याचे पुस्तक त्याला दिसत होते.

कायद्याची वाट मात्र आता मोकळी झाली आहे. २०१२ साली भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन अपंग वाचकांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती काढण्यास परवानगी मिळाली. २०१३ साली मॅराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये अनुसमर्थन देणारा पहिला देश भारतच होता. २०११ च्या जनगणनेने देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख नोंदविली. त्यांतील सर्वच ब्रेल वाचतात असे नाही. पुष्कळांना आज यंत्राचा आवाज पुरतो. परंतु ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. शब्दाचे शुद्धलेखन, ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, परिच्छेदाची मांडणी ही कानाला कळत नाहीत, बोटाला कळतात. ज्या मुलाने 'दिन' आणि 'दीन' केवळ ऐकले, त्याला त्यांतील भेद लिहिता येईलच असे नाही.

म्हणून कोणत्या आकृतीला कोणते अक्षर द्यावयाचे, हा १९४९ च्या सरकारी पत्रातील प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नव्हता आणि आजही नाही. मजकूर मराठी आहे हे संगणकाला सांगावयाचे विसरले आणि त्याने इंग्रजीची तक्ती लावली, तर मराठी ओळ बोटाखाली केवळ निरर्थक ठिपके होऊन येते. प्रकाशकाने पुस्तक प्रमाण संकेतात साठविले, लेखनिकाने भाषेची नोंद नीट केली, तक्ती लिहिणाऱ्याने 'मऊ' मधला 'अ' लक्षात ठेवला, तर तेच पुस्तक एका दिवसात दुसऱ्या गावच्या मुलाच्या हाती पडू शकते. कूव्रेच्या साज बनविणाऱ्याच्या मुलाने खूण आणि अर्थ निराळे केले. ते दोन्ही योग्य रीतीने पुन्हा जोडून देणे, एवढेच काम त्याने पुढच्या पिढ्यांवर सोपविले आहे. काम लहान आहे, कंटाळवाणे आहे, आणि ते नीट झाले म्हणजे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ते न झाल्याचे मात्र एका मुलाच्या बोटाला लगेच समजते.